बुवा बांधावर गेला

पुतळीला रोह्यात राहायला येऊन तीन वर्षं झाली, तरी त्या घरातल्या कुठल्याही वस्तूला तिने कधी 'माझं' म्हटलं नव्हतं. फ्लॅट लेकाचा, गणेशचा. स्वयंपाकघर सुनेचं, दिपिकाचं. दोघंही तिला जपायची, यात खोट काढायला जागा नव्हती. गणेश धाटावच्या कंपनीत शिफ्टला होता. कितीही दमून आला तरी आईने गोळ्या घेतल्या का हे विचारल्याशिवाय तो बूट काढायचा नाही. पण जिची चाळीस वर्षं मिठागरावर डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहण्यात गेली, त्या बाईने दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून दिवस कसा रेटावा?

नवरा, मोरू, गेल्यावर ती वर्षभर पेणजवळ वढावच्या आपल्या घरी एकटीच राहिली होती. मग एकदा न्हाणीत पाय सरकून पडली आणि दोन तास कुणाला पत्ता लागला नाही. त्याच आठवड्यात गणेशने घराला कुलूप घातलं आणि तिला रोह्याला आणलं.

दिपिका औषधांच्या दुकानात कामाला होती. रविवारी सुट्टी असली की ती पेणला जायची. तिथे प्रविण सर नावाचे निवृत्त शिक्षक टाकून दिलेल्या कुत्र्यांसाठी एक पत्र्याची शेड चालवायचे. दिवाळीच्या अगोदरच्या एका रविवारी ती परत आली ती गप्पगप्पच. जेवताना तिने मोबाइल ताटाशेजारी ठेवला.

"आई, हा बघा."

फोटोत एक मोठं, तांबूस कुत्रं होतं. तोंड पांढरं पडलेलं, आणि मानेला गोल जखम. डोलवीच्या पुढे एका गोदामावर ते बारा वर्षं साखळीला बांधलेलं होतं. ठेकेदाराने गोदाम रिकामं केलं, सामान नेलं, आणि कुत्र्याला तसंच बांधून सोडून गेला. चार दिवसांनी कुणीतरी सरांना फोन केला. पट्टा मानेत रुतला होता, तो कापून काढावा लागला.

"डॉक्टर म्हणतात, पोटात गाठ हाय. मूत्रपिंडंपण गेलीत," दिपिका म्हणाली. "आठ दिवस. फार तर दहा. शेडमध्ये चाळीस कुत्री भुंकतात, त्याला झोपच लागत नाय. सर घर शोधतायत. शेवटचे दिवस तरी शांत जावेत म्हणून."

"आपल्याकडे कसं जमेल?" गणेश म्हणाला. "दुसरा मजला, लिफ्ट नाय. त्याला जिना उतरवणार कोण? सोसायटीवाले पायरीवर चपला ठेवल्या तरी बोलतात."

दिपिकाने मान हलवली. तिलाही ते माहीत होतं. तिने मोबाइल उचलायला हात पुढे केला, तेव्हा पुतळी म्हणाली, "माझं घर हाय ना."

दोघांनी एकदम तिच्याकडे पाहिलं.

"वढावचं. अंगण हाय, जिना नाय. बाजूला सीताबाई हाय. आठ दिवस मी ऱ्हाते त्याच्याबरोबर. झालं की येते."

"आये, तुला कुत्र्याचा लळा कधीपासून?"

"लळा कुठं हाय," पुतळी म्हणाली. "मरायला कुणीतरी सोबत लागतं, एवढंच."

गणेशने पुष्कळ हुज्जत घातली. साखर, गुडघे, न्हाणी, सगळं काढून झालं. पुतळीने शांतपणे भात संपवला, ताट उचललं आणि लुगडी पिशवीत भरायला गेली.

मंगळवारी प्रविण सरांनी त्यांच्या गाडीतून कुत्रं वढावला आणलं. पुतळी आदल्या दिवशीच येऊन घर झाडून बसली होती. सरांनी त्याला उचलून अंगणात गोधडीवर ठेवलं. कुत्र्याने डोळे उघडून एकदा इकडेतिकडे पाहिलं. गालफडं पांढरी, भुवया पांढऱ्या, मिश्या लांब लोंबणाऱ्या.

"ह्याचं नाव काय?" पुतळीने विचारलं.

"गोदामातले 'ए' म्हणायचे."

पुतळी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "भजनाला बसलेल्या बुवासारखा दिसतो," ती म्हणाली. "बुवाच म्हणू."

शेजारची सीताबाई ओट्यावरून हे सगळं बघत होती. पुतळी आणि ती एकाच वर्षी या आळीत लग्न होऊन आलेल्या. सर गेल्यावर ती उतरून आली.

"पुतळे, माणसं मरतात त्यांना पाणी घालायला कोण येत नाय, आणि तू कुत्र्याच्या उशाला बसायला रोह्यावरून आलीस?"

"व्हय."

"बरं," सीताबाई म्हणाली. "दूध लागलं तर सांग."

पहिले दोन दिवस बुवा नुसता झोपला. इतका गाढ, की पुतळी मधूनमधून त्याच्या नाकाशी हात धरून बघायची. गोळ्या ती मऊ भातात कालवून द्यायची. डॉक्टरीणबाईंनी, सुरभी मॅडमनी, पेणहून फोनवर सांगितलं होतं, आता पथ्य नको, आवडेल ते खाऊ दे, फक्त मीठ नको. म्हणून पुतळीने खाडीच्या चिखलातले मासे, निवट्या, उकडल्या, काटे बोटांनी चाचपून काढले, आणि तो गर भातावर घातला. बुवाने ताटली चाटून लख्ख केली. जन्मभर मिठात राबलेल्या बाईला बिनमिठाचं रांधायची पाळी आली, म्हणून सीताबाई पदर तोंडाला लावून हसली.

तिसऱ्या दिवशी बुवा उठून उभा राहिला. पुतळी उंबऱ्यावर तांदूळ निवडत होती. तो गोधडीवरून उतरला, पाच-सहा पावलं चालला, आणि मागून कुणी हिसका द्यावा तसा थांबला. मग मान वाकडी करून वळला आणि गोधडीभोवती चालू लागला. गोल. एक फेरा, दुसरा, तिसरा. पाऊल एकदाही त्या गोलाच्या बाहेर पडलं नाही. दमला तेव्हा परत येऊन झोपला.

पुतळीने सुपातला हात तसाच ठेवला. गळ्यात दोरी नाही, पट्टा नाही. फाटक सताड उघडं.

संध्याकाळी तिने सरांना फोन करून विचारलं. सर म्हणाले, "साखळी सहा फुटांची होती, आई."

दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या मानेऐवजी छातीला मऊ फडकं बांधून त्याला फाटकाकडे न्यायचा प्रयत्न केला. बुवा जमिनीला चिकटून पडला आणि भीतीने जागीच मुतला. पुतळीला आपलीच लाज वाटली. तिने फडकं सोडलं, जागा धुतली, आणि त्याच्या शेजारी बसून राहिली.

"गोधडीच रोज थोडी पुढं सरकव," सीताबाईने तोड सुचवली. "गोल आपोआप सरकेल."

"नाय. त्याने आपल्या पायाने जावं."

मग तिने ताटली सरकवायला सुरुवात केली. आधी गोलाच्या कडेवर. दुसऱ्या दिवशी कडेच्या चार बोटं पुढे. बुवाने मान लांब करून खाल्लं. पुढच्या दिवशी वीतभर. त्याने एक पाय पुढे टाकला, तोंडाला लागेल तेवढं खाल्लं आणि पाय पटकन मागे घेतला. गणेशचा रोज फोन यायचा. "कसा हाय तो?"

"हाय अजून."

आठवा दिवस उलटला. त्या दिवशी गणेशने 'कधी येतेस?' असंही विचारलं.

नवव्या दिवशी सकाळी तिने ताटली थेट फाटकात ठेवली. गोलापासून चांगली दहा-बारा पावलं. निवट्यांचा वास अंगणभर पसरला होता. बुवा उठला, कडेपर्यंत आला आणि थांबला. मागचे पाय थरथरत होते. पुतळीला वाटलं हाक मारावी. पण इतक्या दिवसांत एक तिने ओळखलं होतं, की आपल्याकडे कुणी रोखून पाहिलं की तो आक्रसतो. म्हणून ती फाटकाच्या खांबाला टेकून, त्याच्याकडे पाठ करून बसली आणि शेताकडे बघू लागली. भात पिवळं झालं होतं, दोन दिवसांत लोक कापणीला लागले असते. किती वेळ गेला तिला कळलं नाही. बाजूला आपल्या ओट्यावर सीताबाई हातातली केरसुणी तशीच धरून उभी होती. तिच्या तोंडाकडे बघूनच पुतळी पाठीमागे काय चाललंय याचा अंदाज घेत होती.

सीताबाईचं तोंड हळूहळू उघडलं.

पुतळीच्या कोपराला काहीतरी ओलं, गार लागलं. बुवाचं नाक. त्याने तिचा हात हुंगला, मग ताटलीकडे वळला आणि घाईने नाही, पाहुण्यासारखा सावकाश जेवला.

पुतळी हसली आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. सीताबाईने केरसुणी टाकली, घरात गेली आणि बशीभर साय घेऊन आली. "गेला गो," एवढंच ती म्हणाली. "गेला पल्याड."

त्या दिवसापासून बुवाला जणू रस्त्याची चटक लागली. दहाव्या दिवशी सीताबाईच्या ओट्यापर्यंत. तेराव्या दिवशी नळावर, तिथे पाणी भरणाऱ्या बायांनी हंडे बाजूला करून त्याला वाट दिली. सोळाव्या दिवशी देवळापर्यंत. पुतळी मागून चालायची, कधी पुढे नाही. तो बसला की तीही बसायची. तिच्या गुडघ्यांनाही ती चाल मानवली. गावात बोलणं सुरू झालं. गुणाजी म्हणून एक जण होता, खाडीच्या बांधाला पाणी अडवायची झडप असते ना, उघाडी, तिच्यावर लक्ष ठेवायचा. तो सायकल थांबवून रोज विचारायचा, "बुवा आज कुठवर?" आणि पुतळी एखाद्या मोठ्या माणसाची खबर द्यावी तशी सांगायची, "आज देवळाच्या पुढं गेले."

विसाव्या दिवशी ते बांधाच्या पायथ्याशी पोचले. पलीकडे खाडी होती. वाऱ्याबरोबर तिचा वास येत होता. बुवाने वर बघून नाक हलवलं, दोन पाय चढावर ठेवले, आणि ते घसरले. परत ठेवले, परत घसरले. मग तो बसला आणि वर बघत राहिला.

"असू दे," पुतळी म्हणाली. "उद्या."

पण उद्या काही आला नाही. एकविसाव्या दिवशी सकाळी त्याला ओकारी झाली आणि तो कलंडला. सुरभी मॅडम पेणहून स्कूटरवर आल्या, पोट चाचपलं, दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं. "गाठ वाढलीय. पण त्याने वीस दिवस काढले हेच मला खरं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "खायचं थांबला की मला कळवा. मी येईन. झोपेतच जाईल, त्याला काही त्रास होणार नाही."

दुपारी पहिली शिफ्ट संपवून गणेश दिपिकाला घेऊन आला. आईचा चेहरा बघून तो चरकला.

"आये, आता बस झालं. हा सरांच्या शेडमध्ये जाऊ दे. मॅडम तिथं जवळ हायत. तू तुझं काय करून घेतलंस बघ. तुला कायतरी झालं तर मी काय करायचं?"

पुतळी बुवाजवळ बसली होती. तिने गणेशकडे बघितलं नाही.

"तुझ्या बाबाच्या टायमाला," ती म्हणाली, "हॉस्पिटलात मला बाहेर खुर्चीवर बसवली. पाच वाजता भेटायला सोडू म्हणाले. तो चार वीसला गेला. मी दाराच्या ह्या बाजूला, तो त्या बाजूला. हातात त्याची चादर धरून बसली होती मी."

गणेश उभा होता तिथेच राहिला. त्या दिवशी कागदांवर सह्या करायला तोच खाली गेला होता. आईला आत सोडा म्हणून भांडावं, हे त्याला सुचलं नव्हतं. चार वर्षांत दोघांनी यावर एक शब्द काढला नव्हता.

"माझी चूक झाली, आये."

"तुझी कशी चूक? पोरगा हायस, घाबरला होतास. मी तुला बोल लावत नाय." तिने बुवाच्या पाठीवरून हात फिरवला. "पण या येळी मी आत बसणार. शेवटपर्यंत."

गणेश खाली बसला. मग त्याने हात पुढे करून, भीत भीत, बुवाच्या डोक्याला स्पर्श केला. बुवाने शेपटीचं टोक एकदा हलवलं. गणेशने खिशातून फोन काढला आणि कंपनीत कळवलं की तीन दिवस रजा हवी आहे.

बुवा सावरला, पण पूर्वीसारखा नाही. अंगणात थोडा हिंडायचा, बाकी पडून. तरी त्याच्या चालण्यात आता तो गोल नव्हता. मनाला येईल तिकडे जायचा, कधी पायरीशी, कधी चुलीपाशी, एकदा तर सीताबाईच्या स्वयंपाकघरात जाऊन तिने वाळत घातलेल्या बोंबलांपुढे बसला. ती ओरडली नाही. तिने त्याला एक दिला.

एकोणतिसाव्या दिवशी सकाळी त्याने ताटलीकडे पाठ फिरवली. पुतळीने गर बोटावर घेऊन पुढे धरला. त्याने बोट चाटलं, केवळ तिचं मन राखायला, आणि मान खाली ठेवली. पुतळी काय समजायचं ते समजली. तिने स्वतः मॅडमना फोन लावला. "चार वाजता या," ती म्हणाली. मग गणेशला फोन केला. दिपिका दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून त्याच्याबरोबर आली.

तीनच्या सुमाराला सगळी अंगणात बसलेली असताना बुवा उठला. आधी पुढचे पाय, मग कितीतरी वेळाने मागचे. कुणाकडे न बघता तो फाटकातून बाहेर पडला.

"कुठं चाललाय?" दिपिका कुजबुजली.

"चल तर," पुतळी म्हणाली.

नळ गेला, देऊळ गेलं. दहा पावलांवर तो थांबायचा, फासळ्या वरखाली व्हायच्या, मग पुन्हा चालायचा. कापलेल्या शेतांतून पेंढ्या बांधणाऱ्या बाया उभ्या राहून बघू लागल्या. एकीने कमरेवर हात ठेवून विचारलं, "बुवा कुठं?" आणि सीताबाईने मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "खाडीवर." चार-पाच जणी मागे आल्याच.

बांधाच्या पायथ्याशी तो थांबला. गणेश त्याला उचलायला वाकला.

"उचलू नको," पुतळी म्हणाली. "थांब जरा."

बुवाने चढाकडे पाहिलं. या वेळी तो सरळ गेला नाही. तिरका निघाला, गुरं चढतात तशी वाट धरून. एक पाय, थांबणं, दुसरा पाय. अर्ध्यावर त्याचे मागचे पाय बसले. मग ते पाय पुन्हा ताठ झाले, आणि आणखी सात-आठ पावलांत बुवा बांधाच्या माथ्यावर उभा होता.

समोर भरती होती. पाणी कांदळवनापर्यंत चढलेलं, उन्हात चमचमणारं, आणि नजर जाईल तिथवर त्याला अडवायला काहीच नाही. कडेच्या चिखलात पन्नासेक बगळे बसले होते. बुवाने वारा अंगावर घेतला, छाती भरली, आणि भुंकला.

एकोणतीस दिवसांत त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. खर्जातला, घोगरा, दणदणीत आवाज होता तो. सगळे बगळे एकदम उडाले आणि पाण्यावरून पांढरी चादर झटकावी तसे पलीकडे गेले. उघाडीवर उभा असलेला गुणाजी मोठ्याने हसला. बुवाने तिथून आणखी दोनदा भुंकून बगळ्यांना बजावलं, आणि मग झालं आपलं काम अशा थाटात गवतावर बसला.

पुतळी त्याच्या शेजारी बसली. त्याने डोकं तिच्या मांडीवर ठेवलं. बाया खाली उतरायला निघाल्या, तर ती म्हणाली, "बसा की गो." त्या बसल्या. गणेश आईच्या पाठीला पाठ लावून बसला, तिला टेका मिळावा म्हणून.

सुरभी मॅडम घरी येऊन बघतात तर कुणीच नाही. आळीतल्या कुणीतरी सांगितलं, बुवा बांधावर गेला. त्या चपला हातात घेऊन चढून आल्या, धापा टाकत. सगळ्यांना तिथे असं बसलेलं बघून त्यांनी पिशवी खाली ठेवली. "इथंच?" एवढं म्हणाल्या.

"इथंच," पुतळी म्हणाली.

सुई टोचली तेव्हा बुवाने पापणीही हलवली नाही. पुतळी त्याच्या कानामागे बोटं फिरवत होती आणि त्याला सांगत होती, की हे आमचं मिठागर होतं बघ, त्या तिथं, कांदळ आहे ना तिथं, मी नि माझा मालक उन्हात मीठ ओढायचो, आणि दुपारी ह्याच बांधावर भाकरी खायचो. ती सांगत असतानाच त्याचा श्वास लांबला, आणखी लांबला, आणि थांबला. तिने वाक्य पूर्ण केलं. मग ओंजळीत त्याचं डोकं उचलून हलकेच गवतावर ठेवलं.

ती रडली, पण ते चार वर्षांपूर्वीचं रडणं नव्हतं. तेव्हा आत काहीतरी अडकून राहिलं होतं, ते आज मोकळं झालं. तिने डोळे पुसले आणि गणेशला म्हणाली, "बघितलंस ना कसा चढला?"

"बघितलं, आये."

"सहा फुटांतून निघाला आणि इथवर आला. आपल्या पायांनी."

गुणाजीने फावडं आणलं. बांधाच्या आतल्या अंगाला, भरतीचं पाणी पोचणार नाही अशा जागी, त्याने आणि गणेशने मिळून खड्डा केला. शेतातल्या बायांनी पेंढा अंथरला. सगळं उरकून खाली उतरेपर्यंत ऊन कलतीला आलं होतं आणि एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं, की दुपारपासून कुणाच्याच पोटात काही नाही.

सीताबाईच्या घरी कोलंबीचं कालवण तयार होतं. पुतळीने भात टाकला, पसाभर जास्तच. गुणाजी, मॅडम, दिपिका, शेतातल्या दोघी, सगळी ओट्यावर पंगतीला बसली. बुवाच्याच गोष्टी निघाल्या. सीताबाईने तो बोंबलांपुढे कसा बसला होता ते उठून करून दाखवलं, तेव्हा हसून हसून दिपिकाला ठसका लागला. पुतळी वाढत फिरत होती. तीन वर्षांत गणेशने तिला अशी फिरताना पाहिलं नव्हतं. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला आणि मग ताटात बोट फिरवत म्हणाला, "आये, रविवारी मी मिस्त्रीला घेऊन येतो. न्हाणीत धरायला दांडा बसवून घेऊ. आणि लादी पण खरखरीत घालू, पाय सरकणार नाय अशी."

पुतळीचा डाव कालवणाच्या पातेल्यावरच थांबला.

"म्हणजे?"

"म्हणजे तू इथं ऱ्हाशील तर नीट ऱ्हा," गणेश म्हणाला. "रोज फोन करायचा. आणि सरांना सांगून ठेव, पुढचं कुत्रं थोडं हलकं द्या. आम्हाला खड्डे खणायची सवय नाय."

दिपिका हसत ताटाकडे बघू लागली. तिने सरांशी आधीच बोलून ठेवलं असावं.

"खड्ड्याचं आत्तापासून कशाला बोलतोस," पुतळी म्हणाली, आणि त्याच्या ताटात कालवणाचे दोन डाव घातले. "आधी त्याला येऊन जेवू तर दे."